चुकीचा माग काढताना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी शाळेतील गणिताच्या तासाला एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो शब्द म्हणजे ‘ताळा’. उदाहरण सोडवून झाले, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या, तरी काम संपत नसे; ताळा पाहावा लागे. भागाकार केला असेल तर आलेल्या भागाकाराला भाजकाने गुणायचे, त्यात बाकी मिळवायची आणि मूळचा भाज्य परत येतो का ते पाहायचे. ताळा जुळला की पाटी पालथी घालून मूल मोकळे होई. जुळला नाही की वर्गात दोन प्रकारची मुले दिसत. बहुतेक जण पाटी ओल्या फडक्याने पुसून टाकत आणि तेच उदाहरण नव्याने मांडत. पुष्कळदा तीच चूक त्याच जागी पुन्हा होई. थोडी मुले मात्र पाटी न पुसता वरच्या ओळीवर बोट ठेवत, एकेक पायरी तपासत खाली येत, आणि एका जागी ते बोट थबकत असे. ‘इथे हातचा धरायचा राहिला.’

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे ते बोट. संगणकाच्या जगात त्याच बोटाचे काम करणारे एक साधन आहे. त्याला डीबगर म्हणतात.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा उदरनिर्वाह संगणकावर चालतो. त्यांना हे साधन परिचयाचे आहे. पालकांपैकी पुष्कळांची मुले आता शाळेत किंवा शिकवणीत प्रोग्राम लिहायला शिकू लागली आहेत. घरोघरी कौतुक होते ते प्रोग्राम लिहिता येण्याचे. लिहिलेला प्रोग्राम चुकला तर काय करायचे, हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही. आणि चुकणे तर ठरलेलेच असते.

ही गोष्ट संगणक जन्माला आला तेव्हाच लक्षात आली होती. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला ‘एड्‌सॅक’ हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्यानंतर लवकरच विल्क्स यांनी एक विकलक समीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहिला. तो जेमतेम सव्वाशे ओळींचा होता आणि त्यात वीसेक चुका निघाल्या. विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत एक क्षण नोंदवून ठेवला आहे. जिन्यावरून जाता जाता त्यांना एकदम उमगले, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. जगातील पहिल्या काही संगणकांपैकी एक घडवणाऱ्या माणसाला आलेला हा अनुभव आहे. आज संगणकासमोर बसून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या मुलाला तो अवश्य सांगावा.

प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. या शब्दाची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकाच्या एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खरोखरीचा किडा सापडल्याची पहिलीच वेळ, अशा आशयाची मिश्कील नोंद केली. ती नोंदवही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, त्यामुळे पतंग त्यांनीच पकडला असा समज पसरला. पण त्यांचा दावा तसा नव्हता. ‘बग’ हा शब्दही तेव्हा नवा नव्हता. यंत्रातील बारीकसारीक दोषांसाठी एडिसन यांनी तो १८७८ साली एका पत्रात वापरला होता. शब्द आधीपासून होता, म्हणूनच तर त्या नोंदीतला विनोद साधला.

किडा म्हटला की औषध आले. केंब्रिजमध्येच स्टॅन्ली गिल यांनी एड्‌सॅकवरील प्रोग्राममधल्या चुकांचे निदान कसे करावे यावर १९५१ साली शोधनिबंध लिहिला. यंत्राने कोणती आज्ञा केव्हा पाळली, याची नोंद छापून घेणारा प्रोग्राम त्यांनी तयार केला होता. पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘टीएक्स-शून्य’ या संगणकासाठी चुका शोधणारा एक प्रोग्राम बनला. त्याचे नाव ‘फ्लिट’ ठेवले, कारण त्या नावाचे कीटकनाशक तेव्हा अमेरिकेत घरोघरी होते. त्यानंतर १९६१ च्या सुमारास ‘पीडीपी-एक’ या संगणकासाठी जो आला त्याचे नाव ‘डीडीटी’. भारतातील ज्येष्ठांना या नावाची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावी भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पुटाचे नाव एका संगणकीय साधनाला मिळाले, ही गंमत खरीच आहे. आजही सर्वत्र वापरात असलेला ‘जीडीबी’ हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला.

परंतु या विनोदी नावांनी एक गैरसमज होतो. औषध फवारले की किडे आपोआप मरतात. डीबगर एकही चूक स्वतः दुरुस्त करीत नाही. तो ती शोधूनही देत नाही. तो फक्त थांबवतो आणि दाखवतो. या दोन क्रियांचे मोल किती, ते एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल.

अशी कल्पना करावी, की नववीतल्या एका मुलीने पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्राम लिहिला आहे. गुण आहेत ७२, ६५, ८०, ५८ आणि ७५. प्रोग्राम न कुरकुरता चालतो आणि उत्तर देतो, ५५.६. ही मुलगी ताळा पाहणाऱ्यांपैकी असेल तर तिला हे उत्तर पाहताच खटकेल. पाचांतले सर्वांत कमी गुण ५८ आहेत. सरासरी त्याहून खाली जाईलच कशी? हातावर हिशेब केला तर बेरीज ३५० आणि सरासरी ७० येते. चूक आहे हे ठरले. कुठे आहे हे ठरायचे आहे.

येथे बहुतेक नवशिके पाटी पुसतात. एखादे चिन्ह बदलून पाहतात, ओळी खालीवर करतात, शेजाऱ्याचा प्रोग्राम उतरवून घेतात. कधी कधी त्यातून बरोबर उत्तर येतेही. पण ते का आले हे कळत नाही, आणि म्हणून पुढच्या वेळी तोच खड्डा पुन्हा वाट पाहत असतो.

डीबगर वापरणारी मुलगी वेगळे करते. बेरीज ज्या ओळीवर होते त्या ओळीवर ती एक खूण ठेवते. हिला ब्रेकपॉइंट म्हणतात; मराठीत सरळ ‘थांबा’ म्हणावे. मग ती प्रोग्राम चालू करते. एरवी डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपणारा प्रोग्राम त्या थांब्याशी येऊन उभा राहतो, आणि त्या क्षणी त्याच्या पोटात काय आहे ते पडद्यावर दिसू लागते. ‘बेरीज’ या चलात ० आहे. ठीक. पहिला विषय घ्यायचा आहे, तेव्हा गुण ७२ दिसायला हवेत. पण दिसतात ६५. आणि ‘क्रम’ या चलात १ आहे.

येथे बोट थबकते. मुलीने पहिल्या विषयासाठी क्रम १ धरला. पण ती वापरत असलेल्या पायथन या भाषेत यादीतील पहिल्या वस्तूचा क्रमांक ० असतो. म्हणजे ७२ गुण बेरजेत आलेच नाहीत. उरलेल्या चारांची बेरीज २७८ झाली, तिला ५ ने भागले आणि ५५.६ मिळाले. आता चुकीच्या उत्तराचाही ताळा जुळला. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चूक खरोखर सापडली असे केव्हा म्हणावे? जे चुकीचे उत्तर आले तेच नेमके का आले, हे आकड्यानिशी सांगता आले म्हणजे. त्याआधी केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसते, तो अंदाज असतो.

थांब्यापाशी उभे राहिल्यावर पुढे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. एकेक ओळ पुढे सरकता येते. एखाद्या उपकार्याच्या आत शिरता येते किंवा त्याच्यावर विश्वास ठेवून ते ओलांडता येते. एखाद्या चलावर पहारा बसवून, त्याची किंमत बदलेल तेव्हाच थांब, असेही सांगता येते. हे सारे घडते कसे, याची उत्सुकता ज्यांना असेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरवर डीबगर सामान्यतः थांब्याच्या जागची मूळ आज्ञा जपून ठेवतो आणि तेथे एका बाइटची एक खास आज्ञा लिहितो. प्रोसेसर त्या आज्ञेशी आला की सापळ्यात पाय पडावा तसा अडखळतो. ऑपरेटिंग सिस्टिम त्या प्रोग्रामला रोखून धरते आणि डीबगरला हाक मारते. पाहणी झाली की मूळ आज्ञा जागेवर ठेवून प्रवास पुढे सुरू होतो. प्रोग्रामला स्वतःला या थांबण्याचा पत्ताही नसतो.

डीबगर दाखवतो त्यातली आणखी एक वस्तू म्हणजे कॉल स्टॅक. यासाठी मराठीत घरातलाच एक सुंदर शब्द आहे, उतरंड. प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्याला काम सांगतो, दुसरा तिसऱ्याला; एकावर एक मडकी रचावीत तशी ही सांगितलेली कामे रचली जातात आणि वरचे मडके उतरल्याशिवाय खालच्याला हात घालता येत नाही. समजा, त्याच मुलीचा सुधारलेला प्रोग्राम एका तुकडीचा निकाल लावताना अचानक बंद पडला आणि ‘शून्याने भागता येत नाही’ असा संदेश आला. संदेशात ओळ दाखवली आहे ती सरासरी काढणारी. पण त्या ओळीत काहीच वावगे नाही. उतरंडीत एक मडके खाली पाहावे, तर सरासरीचे काम ज्याने सांगितले त्याने गुणांची रिकामी यादी हाती दिलेली दिसते. आणखी एक मडके खाली पाहावे, तर यादी रिकामी आहे कारण त्या तुकडीची फाइल वाचलीच गेली नाही. फाइलच्या नावात एक अक्षर चुकले होते. रडणारा एक, मारणारा दुसराच.

परिणामाकडून कारणाकडे असे मागे मागे जाण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्याचा एक भाग असलेल्या लीलावतीत व्यस्तविधी सांगितला आहे. शेवटचे उत्तर ठाऊक आहे आणि सुरुवातीची राशी शोधायची आहे, तेव्हा उलट्या क्रमाने निघावे. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी, वर्गाच्या जागी वर्गमूळ करीत मूळ राशीपर्यंत पोहोचावे. उतरंड वाचणारा प्रोग्रामर याच वाटेने चालत असतो.

दुसरी रीत आहे निम्मे निम्मे करण्याची. हजार पायऱ्यांच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीला सारे बरोबर आहे आणि शेवटी चुकले आहे, एवढेच माहीत असले तर पहिल्या पायरीपासून चालायची गरज नसते. मधोमध थांबा ठेवावा. तेथपर्यंत बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा निम्मे. अशा रीतीने हजार पायऱ्यांतली चुकीची पायरी सुमारे १० तपासण्यांत हाती लागते. शब्दकोशात शब्द शोधणारे मूल नकळत हेच करते.

आता मराठी माणसाच्या खास वाट्याला येणारे एक उदाहरण. समजा, हीरक महोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांची यादी देवनागरीत तयार केली आहे आणि त्यात प्रत्येकाचे मूळ गाव लिहिले आहे. आळंदीजवळच्या चऱ्होलीची कोण कोण मंडळी या शाळेत शिकली, असा शोध घेतला. यादीत डोळ्यांना चार जण दिसतात, पण संगणक म्हणतो दोनच. पडद्यावर चारही ठिकाणी गावाचे नाव अगदी सारखे. कानामात्रेचा फरक नाही. अशा वेळी माणूस संगणकाला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांना.

डीबगरमध्ये थांबून ते शब्द उलगडून पाहिले, की गुपित फुटते. संगणक देवनागरी शब्द अक्षरांनी साठवत नाही. व्यंजन, मात्रा, हलन्त ही प्रत्येक खूण तो वेगळी मोजतो. म्हणून ‘मराठी’ हा डोळ्यांना तीन अक्षरी वाटणारा शब्द पायथनमध्ये मोजला तर उत्तर ५ येते; म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. चऱ्होलीतले अर्धे ‘र’ दोन तऱ्हांनी टंकलिखित होते. एका तऱ्हेत मराठीसाठीचा नुक्तावाला ‘ऱ’ आणि हलन्त असतो. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. पण पहिल्या तऱ्हेने शब्दाची लांबी ७ भरते आणि दुसरीने ८. डीबगरने ती अदृश्य खूण दृश्य केली, एवढेच. मग शोधण्याआधी सर्व नावे एकाच तऱ्हेत आणून ठेवली की चारही जण यादीत सापडतात. मराठीतून संगणकाचे काम करू पाहणाऱ्याला असे अडथळे पावलोपावली भेटतात. भाषेला दोष देऊन ते दूर होत नाहीत. थांबून, उलगडून पाहिल्यानेच होतात.

येथवर जी उदाहरणे झाली त्यांत नुकसान झाले ते थोड्या वेळाचे. पण चुका नेहमी इतक्या सौम्य नसतात. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे ‘थेरॅक-२५’ या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा दिला. त्यांतील काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. १९८६ च्या वसंतात टेक्सास राज्यातील टायलर या गावी एकापाठोपाठ असे दोन अपघात घडले. दोन्ही वेळा पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढाच संदेश आला होता, आणि त्या आकड्याचा उलगडा होईल असे काही यंत्र चालवणाऱ्यांच्या हाताशी नव्हते. पहिल्या अपघातानंतर यंत्र तपासायला आलेल्या अभियंत्यांना तो दोष पुन्हा घडवता आला नाही. तपासणीत दोष दिसला नाही, आणि यंत्र पुन्हा वापरात आले.

दुसऱ्या अपघातानंतर त्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ दोघे यंत्रापाशी बसले. तिने त्या दिवशी काय काय केले होते, ते क्रमाने पुन्हा पुन्हा करून पाहिले. शेवटी उमगले, की प्रश्न वेगाचा होता. सवयीने तिचा हात भराभर चाले. उपचाराचा प्रकार चुकून भलताच टंकला गेला, तिने वर जाऊन तो लगेच दुरुस्त केला, आणि ही दुरुस्ती सुमारे ८ सेकंदांच्या आत झाली तर प्रोग्रामचा एक भाग नवी माहिती घेई आणि दुसरा जुनीच धरून बसे. सावकाश टंकणाऱ्या अभियंत्यांना म्हणूनच तो दोष कधी दिसला नव्हता. या दोघांना तो हवा तेव्हा घडवता येऊ लागला आणि तेथून तपासाला दिशा मिळाली.

या प्रकरणातून चूक शोधण्याचे जवळजवळ सगळे नियम शिकता येतात. पहिला, चूक पुन्हा घडवून आणता आली पाहिजे. जोवर ती हवी तेव्हा दिसत नाही तोवर तिच्याविषयीचे सारे बोलणे तर्काचे. दुसरा, ज्याच्या हातून चूक घडली त्याचे म्हणणे आधी ऐकावे. ती तंत्रज्ञ आपण काय केले हे लपवून बसली असती, किंवा तिला दरडावून गप्प केले गेले असते, तर तपास तिथेच थांबला असता. तिसरा, ‘आजवर कधी असे झाले नव्हते’ या वाक्यावर विसंबू नये. याच घराण्यातल्या आधीच्या यंत्रातही ती चूक होती; पण तेथे स्वतंत्र विद्युत-सुरक्षा असल्यामुळे माणसाला इजा होत नव्हती. नव्या यंत्रात ती सुरक्षा काढून सारा भार प्रोग्रामवर टाकला गेला आणि झाकलेली चूक उघडी पडली. आणि चौथा नियम डीबगरच्या मर्यादेचा आहे. काही चुका वेळेच्या असतात. प्रोग्राम थांबवला की वेळच बदलते आणि पाहायला जावे तो चूक नाहीशी होते. अशा जागी थांबवणारे साधन कामाचे नाही. तेथे प्रोग्राम चालत असतानाच नोंदी लिहून ठेवाव्या लागतात. स्टॅन्ली गिल यांची ती जुनी वाट अजून मोडलेली नाही.

मर्यादा आणखीही एक आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे. प्रोग्राममध्ये काय आहे ते डीबगर दाखवतो. काय असायला हवे होते ते त्याला माहीत नसते. गुण ६५ दिसले तेव्हा ‘इथे ७२ हवेत’ हे त्या मुलीला आधीच ठाऊक होते, म्हणून तिचे बोट थबकले. अपेक्षाच नसेल तर पडद्यावर कितीही चले दिसली तरी त्यांतून काही हाती लागत नाही. म्हणून पुढच्या ओळीवर जाण्याआधी प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचे, ‘आता काय दिसायला हवे?’ उत्तर मनात पक्के करायचे, आणि मगच पाऊल टाकायचे. दिसले ते अपेक्षेसारखे नसेल, तर चूक सापडली किंवा स्वतःची समजूत चुकलेली सापडली. दोन्ही लाभच.

हा प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा? येथे मराठी शाळेचा संबंध येतो. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमात मुलाला घालताना पालकांच्या मनात एक काळजी असते आणि ती खोटी मानू नये. संगणकाचे शब्द इंग्रजी, नोकरीची भाषा इंग्रजी. मूल मागे तर पडणार नाही? इंग्रजी चांगले यायलाच हवे, यात वाद नाही. पण व्यवसायातल्या जाणत्यांनी पुस्तकात नोंदवलेली एक युक्ती पाहावी. चूक सापडेना तर टेबलावर रबराचे बदक ठेवावे आणि त्याला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगावा. बदक काहीच बोलत नाही. पण सांगता सांगता सांगणाराच अडखळतो, आणि जिथे अडखळतो तिथे बहुधा चूक असते. आता हे समजावणे ज्या भाषेत अडखळत व्हायचे त्या भाषेत केले, तर अडखळण्याचे कारण प्रोग्राम आहे की भाषा, हेच कळायचे नाही. ज्या भाषेत मूल भांडते, हट्ट करते, खोटे पकडते, त्या भाषेत त्याने आपला प्रोग्राम समजावून सांगावा. रबराचे बदक नसले तर आजी आहेच. आणि आजी मधूनच ‘का रे?’ म्हणून विचारते, जे बदकाला जमत नाही.

यात तंत्राचीही अडचण उरलेली नाही. पायथन भाषेची २००८ साली आलेली तिसरी आवृत्ती चलांची नावे देवनागरीत स्वीकारते. आज्ञांचे मोजके शब्द इंग्रजी राहतात. पण ‘बेरीज’, ‘गुण’, ‘सरासरी’ ही नावे मराठीत लिहिली तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि डीबगरच्या चौकटीत ‘बेरीज’ असेच दिसते. शिकण्याच्या पहिल्या वर्षात याचा उपयोग जरूर करावा. पुढे नोकरीत नावे इंग्रजीत लिहावी लागतील. पण एकेका पायरीवर थांबून पाहण्याची सवय त्या आधीच हाडीमांसी खिळलेली असेल.

शेवटी दोन विनंत्या. पहिली पालकांना. मूल ‘चुकलं’ म्हणून वही घेऊन आले, मग ती संगणकाची असो वा भूमितीची, तर ‘पुन्हा कर’ म्हणू नये आणि ‘असं कसं चुकतं?’ असेही विचारू नये. एवढेच विचारावे, ‘कोणत्या ओळीपर्यंत बरोबर आहे?’ या प्रश्नात मुलाचा धिक्कार नाही आणि चुकीला सूटही नाही. मूल वहीकडे पाहू लागते, बोट पहिल्या ओळीवर ठेवते. त्यानंतर पालकांनी गप्प बसावे.

दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्या यशाच्या कथा छापल्या जातील, वाचल्या जातील, आणि ते योग्यच आहे. पण एखाद्या शनिवारी वर्ग भरलेला असताना त्यांनी शाळेत यावे, फळ्यापाशी उभे राहावे आणि स्वतः केलेली एक चूक मुलांना सांगावी. ती कोणती होती, किती दिवस सापडली नाही, कुठे कुठे व्यर्थ शोधले, आणि अखेर कोणत्या ओळीवर बोट थांबले. पाठीमागच्या बाकावर, ताळा न जुळल्यामुळे पाटी पुसायला निघालेले एखादे मूल बसलेले असेल. ते ही गोष्ट ऐकेल आणि हातातले फडके खाली ठेवेल.